चार फटक्यांची परवानगी

गेल्या महिन्यात मुलीच्या शाळेत पालकसभा होती. मोबाइल आणि घसरलेले मार्क यांवर तासभर बोलणं झाल्यावर मागच्या रांगेतले एक गृहस्थ उठले. "सर, आमच्या पोराला चार फटके द्या. आमची काय बी तक्रार न्हाई. पायजे तर लिवून देतो." निम्म्या सभागृहानं टाळ्या वाजवल्या. सरांनी सांगितलं, कायद्यानं ते करता येत नाही. "आमी मार खाल्ला म्हनूनच मानसात आलो न्हवं?" गृहस्थांनी विचारलं. तेव्हा पुढच्या बाजूची एक तरुण आई उभी राहिली. तिचा आवाज कापत होता. "माणसात आलो का आतून मोडून आलो, हे कुणी बघितलंय? आईबापांनी आपल्याला जसं वाढवलं तसंच आपण पोरांना वाढवणार. ते रक्तातच उतरतंय." पुढचा अर्धा तास एका बाजूनं ‘आजकालची पोरं’ आणि दुसऱ्या बाजूनं ‘ट्रॉमा’ एवढेच शब्द सभागृहात फिरत राहिले.

हा वाद आता घराघरांत आहे आणि तो फार वाईट पद्धतीनं घातला जातोय. वरवर ती दोघं एकमेकांच्या विरुद्ध बोलत होती, पण दोघांच्या बोलण्याचा पाया एकच होता: खाण तशी माती. एकाला त्या खाणीचा अभिमान, दुसरीला तिची धास्ती. मला हा पायाच मान्य नाही. मुलं वाढवण्याची रीत रक्तातून येत नाही. त्या रीतीबद्दल घरात जे बोललं जातं आणि जे कधीच बोललं जात नाही, त्यातून ती येते. मार खाल्लेलं पोर पुढं मारकं निघेलच असं नाही. मार खाऊन ‘ते बरोबरच होतं’ असं जन्मभर घोकत राहिलेल्या पोराचा हात मात्र लवकर उठतो. मार विसरला जातो, त्याचं समर्थन पुढच्या पिढीच्या हवाली केलं जातं. भांडायचं असेल तर त्या समर्थनाशी भांडायला हवं.

माझे वडील, आप्पा, कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत मोल्डर होते, म्हणजे ओतकामासाठी वाळूचे साचे करायचे. आपण सहज म्हणतो, ‘एकाच साच्यातनं काढल्यासारखी आहेत बापलेकं.’ आप्पांना हे बोलणं खटकायचं. वाळूचा साचा एकदाच वापरता येतो. वितळलेलं बीड ओतलं, निवलं, की साचा फोडूनच कास्टिंग, म्हणजे ओतलेली वस्तू, बाहेर काढायचं असतं. टिकतो तो पॅटर्न, लाकडाचा नाहीतर धातूचा. त्याच्यावर वाळू ठोकून दर वेळी नवा साचा करतात. पॅटर्नला कुठं खोक पडली असेल तर ती प्रत्येक कास्टिंगवर उमटते. कास्टिंग कितीही घासा, पुढच्यावर ती पुन्हा असतेच, कारण दुरुस्ती पॅटर्नवर करायची राहिलेली असते. घराण्यांचं मला असंच दिसतं. माणसं साच्यासारखी फुटून मातीला मिळतात, आणि ‘मारलं ते भल्यासाठीच’ हा पॅटर्न कोनाड्यात जपून ठेवलेला असतो.

मला हे कळलं ते स्वतःच्या हातून घडलं तेव्हा. मुलगी दुसरीत होती. सकाळच्या घाईत सातचा पाढा तिसऱ्यांदा चुकला आणि मी तिच्या पाठीत धपाटा घातला. दिवसभर कामात ते विसरलो असंच मला वाटत होतं. संध्याकाळी परतताना गाडी रंकाळ्यावर थांबली आणि माझ्या हातात भेळेचा पुडा आला. तो घेताना मी जागीच थबकलो. आप्पा ज्या दिवशी आम्हाला मारायचे, त्या रात्री भेळ आणायचे. पुडा आमच्यासमोर ठेवून न बोलता हातपाय धुवायला जायचे. आई म्हणायची, "खावा, तुमच्यासाठीच आणलीया." सकाळच्या धपाट्यात मला आप्पा दिसले नव्हते. त्या पुड्यात दिसले. चूक झाली हे कळणं आणि ती तोंडानं न म्हणणं, हे दोन्ही मला जसंच्या तसं मिळालं होतं.

आता त्या गृहस्थांच्या बाजूनं जे जे बळकट आहे ते मान्य करतो. पहिलं म्हणजे आमच्या बापांच्या पिढीकडं वेळच नव्हता. भट्टीसमोर आठ-दहा तास उभं राहून आलेल्या माणसानं पोराला समोर बसवून ‘बाळा, तुला काय वाटतं’ असं विचारावं, ही अपेक्षा आज पोटभर जेवून आपण करतो. गडहिंग्लज-आजरा-चंदगडाकडच्या कित्येक पोरांना तर बाप म्हणजे मुंबईच्या गिरणीतून येणारी मनिऑर्डर आणि गणपतीतले काही दिवस एवढाच ठाऊक होता. १९८२च्या संपानंतर असे बाप गावी परतले ते हरून, रिकाम्या हातांनी, आणि ज्यांच्याशी बोलायची सवयच नव्हती अशा पोरांच्या घरात. त्यांनी समजुतीनं वागायला हवं होतं हे म्हणणं सोपं आहे. दुसरं, पोराला मर्यादा लागते. ‘नाही’ हा शब्द न ऐकता वाढलेलं मूल सुखी नसतं, हे मी शेजारी बघतोय. आणि तिसरं, जे कोल्हापुरात कुणीही पहिल्यांदा काढेल: तालीम. वस्तादाच्या धाकाशिवाय पैलवान घडला आहे का? १९५९ साली श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले, पुढच्याच वर्षी गणपतराव आंदळकर. ती माणसं काय गोंजारून घडली?

तालमीचं आधी बघू, कारण तिथंच सगळा घोळ आहे. लांबून बघणाऱ्याला वस्तादाच्या हातातली काठी तेवढी दिसते. आखाड्यात राहिलेल्या कुणालाही विचारा, तो वेगळं सांगेल. पहाटे पठ्ठ्याच्या आधी वस्ताद उठलेला असतो. जोर-बैठकांची गणती त्याच्या डोक्यात असते. कुणाच्या खुराकात दूध कमी पडलं, कुणाच्या घरून बदाम आले नाहीत, कुणाचा खांदा दुखतोय, हे त्याला सांगावं लागत नाही. लाल मातीत तो स्वतः उतरतो. पठ्ठ्या पडला तर मैदानात मान वस्तादाचीही खाली जाते. एवढं सगळं दिल्यावर त्यानं एखादी लगावली तर पोरगं ती सोसतं, ती या सगळ्याच्या जिवावर. आपण त्यातली काठी तेवढी उचलून घरी आणली, आणि पहाटे चारला उठणं तालमीतच ठेवलं. शिवाय जे हिंदकेसरी झाले त्यांची नावं आपल्याला पाठ आहेत. मार सहन न होऊन जे आठवड्यात गावी पळून गेले त्यांची यादी कोण ठेवतो? ‘आम्ही मार खाल्ला म्हणून घडलो’ या वाक्यात हीच खोट आहे. ते म्हणायला पालकसभेत येतात ते घडलेलेच असतात. शाळेच्या भीतीनं चौथीतच शाळा सोडलेला वर्गमित्र त्या सभेला बसलेला नसतो.

आणि घडलो ते मारानं, हे ठरवलं कुणी? अमेरिकेत एलिझाबेथ गर्शॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यानं २०१६ साली ७५ अभ्यासांची एकत्र छाननी केली. त्यांत दीड लाखावर मुलं होती. जखम करणाऱ्या मारहाणीबद्दल ती छाननी नव्हती, साध्या फटक्यांबद्दल होती. मुलांच्या वागण्या-वाढण्याच्या १७ बाबी तपासल्या. १३ बाबतींत फटक्यांचा ठळक संबंध दिसला, आणि तो तेराही ठिकाणी वाईटाशीच होता. यावर एक रास्त शंका निघते: मुळात हूड पोरालाच जास्त मार बसतो, मग मारानं पोर बिघडलं की बिघडलेल्या पोराला मारलं? शंका खरी आहे आणि असे अभ्यास तिचं पूर्ण निरसन करू शकत नाहीत. पण मग जबाबदारी कुणावर येते? औषध म्हणून जे देताय त्यानं गुण येतो हे देणाऱ्यानं दाखवायचं, की रोग वाढला हे रोग्यानं? फटक्यांनी पोरं सुधारतात असं त्या सतरापैकी एकाही ठिकाणी निघालं नाही.

त्या तरुण आईचंही मला तितकंच खोडायचं आहे, आणि ते जास्त जपून, कारण ती घाबरलेली होती. आपण बिघडलेलो आहोत आणि आपल्या हातून पोर बिघडणारच, अशी भीती घेऊन आज किती जण आईबाप होतात! जोन कॉफमन आणि एडवर्ड झिगलर यांनी १९८७ साली उपलब्ध पुरावा तपासून अंदाज मांडला, की लहानपणी छळ सोसलेल्यांपैकी साधारण ३० टक्के लोक पुढं स्वतःच्या मुलांशी तसे वागतात. तीस टक्के थोडे नाहीत. ज्यांनी काही सोसलेलं नाही त्यांच्या मानानं हा धोका कितीतरी पट मोठा आहे, आणि तो झाकून ठेवू नये. पण उरलेले सत्तर? दहातली सात माणसं ती साखळी तोडत असतील तर ‘रक्तात उतरतं’ या बोलण्याला अर्थ काय राहिला? रक्तातली गोष्ट अशी सात वेळा चुकत नाही.

मग ही सात माणसं वेगळं काय करतात? मिनेसोटात बायरन एगलंड यांनी अशा आयांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. ज्यांनी लहानपणी मार खाल्ला आणि पुढं मुलांवर हात टाकला नाही, त्यांच्या आयुष्यात तीनपैकी काहीतरी सापडत होतं: लहानपणी मायेनं वागणारं दुसरं कुणी मोठं माणूस, कधीतरी मनाच्या दुखण्यावर घेतलेले उपचार, किंवा समजून घेणारा जोडीदार. मेरी मेन यांनी १९८०च्या दशकात पालकांना त्यांच्या बालपणाबद्दल बोलतं केलं, तेव्हा आणखी एक गोष्ट पुढं आली. बालपण चांगलं होतं की वाईट, यापेक्षा ते माणूस ते कसं सांगतं, यावर त्याच्या मुलाचा त्याच्यावरचा भरवसा जास्त अवलंबून दिसला. ‘फार छान होतं बघा’ म्हणून उडवून लावणारे एकीकडं, त्या रागात अजून बुडालेले दुसरीकडं. आणि तिसरे असे, की जे झालं ते दुखलं, का झालं असेल तेही थोडंफार कळतं, असं सरळ सांगू शकणारे. बालपण वाईट असूनही या तिसऱ्यांची मुलं आईबापांजवळ निर्धास्त होती. पालकसभेतला तो पुरुष पहिल्यांपैकी, ती बाई दुसऱ्यांपैकी. दोघांपैकी कुणालाही मी दोष देत नाही. दोघांनाही ते सांगायची जागा कधी कुणी दिलेलीच नाही.

‘मायेनं वागणारं दुसरं कुणी’ याच्यावर मला थोडं थांबायचं आहे. जुन्या वळणाचं गुणगान करणारे एक गोष्ट साफ विसरतात. आमच्या लहानपणी मार एकटा येत नव्हता. पेठेतल्या घरात आप्पांनी पट्टा काढला की आज्जी स्वयंपाकघरातून यायची आणि मध्ये उभी राहायची. पलीकडून चुलती ओरडायची, "बास करा की भावजी, मारतासा का काय पोराला!" गल्लीतला कुणीही उंबरा ओलांडून आत येऊन पोराला बखोटीला धरून घेऊन जायचा, आणि बापाला त्याचा राग येत नसे. उलट मनातून सुटल्यासारखं वाटत असावं, कारण हात थांबवायला निमित्त मिळायचं. मार देणारा एक आणि आडवं येणारे चार, असा तो हिशेब होता. आज आपण फ्लॅटमध्ये राहतो. दार लागलेलं असतं, टीव्हीचा आवाज मोठा असतो, आणि शेजाऱ्याच्या भानगडीत पडणं असभ्य समजलं जातं. ज्यांना जुना मार परत आणायचा आहे, त्यांनी सांगावं की आज्जी कुठून आणणार?

आणि आडवं येणं म्हणजे नुसतं मारातून सोडवणं नव्हे. खाशाबा जाधवांना कुस्ती वडिलांकडून मिळाली, ते स्वतः पैलवान होते. हा वारसा चांगलाच, त्याला कोण नाही म्हणेल. पण १९५२ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. पोरगं बापाचं असतं हे खरं, पण एकट्या बापाचं कधीच नसतं.

इथं आक्षेप येईल, की घरात काय करायचं हे बाहेरच्यांनी का सांगावं? कोल्हापुरानं या प्रश्नाला शंभर वर्षांपूर्वी उत्तर दिलेलं आहे. १९१७ साली शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड बसवला. तेव्हाचा रुपया! त्या पालकांकडं कारणं नव्हती का? होती, आणि ती खरी होती. जनावरं कोण राखणार, धाकट्याला कोण सांभाळणार, आम्ही कुठं शिकलो म्हणून आमचं अडलं? हे शेवटचं वाक्य नीट ऐका. परवाच्या पालकसभेत ते जसंच्या तसं परत ऐकू आलं. महाराजांनी त्या आईबापांना नालायक ठरवलं नाही. फी काढून टाकली, शाळा काढल्या, त्याच्या आधीपासून जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली, आणि एवढं करून मग दंडही ठेवला. आईबापांची अडचण ओळखायची आणि त्यांचं समर्थन मात्र स्वीकारायचं नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात. ‘गरिबी होती, म्हणून मारलं’ हे समजून घेता येतं. ‘म्हणून मारायला हवं’ हे त्यातून निघत नाही.

महाराजांचं स्वतःचं बालपण तरी कसं? आई लहानपणीच गेली. कागलच्या घाटगे घराण्यातून दहाव्या वर्षी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले, पुढच्या दोनेक वर्षांत जन्मदाते वडीलही गेले. राजकोट, धारवाड असं परक्यांच्या हाताखाली शिक्षण झालं. घरात बघून शिकावं असं फारसं काही वाट्याला आलं नाही. तोच माणूस १९१८ साली धाकटा मुलगा प्रिन्स शिवाजी शिकारीत दगावल्यावर काय करतो? अकरा-बारा वर्षांच्या विधवा सुनेला, इंदुमतीदेवींना, रिवाजाच्या कोपऱ्यात बसवत नाही. कोल्हापूरजवळच्या सोनतळीला तिच्या शिक्षणाची व्यवस्था करतो. राजघराण्यातल्या विधवेनं कसं राहावं याचा पॅटर्न पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला होता आणि राजवाड्यातून विरोधही होता. पुत्रशोकात असलेल्या सासऱ्यानं तो पॅटर्न बदलला. ज्याला घरात उदाहरण मिळालं नाही तो देऊच शकत नाही, असं म्हणणाऱ्यांनी सोनतळीला एकदा जाऊन यावं.

मुलींचं थोडक्यात, पण सांगितलंच पाहिजे. आमच्या घरात बहिणीला आप्पांनी कधी मारलं नाही आणि याचा त्यांना अभिमान होता. पण तिच्याशी कुणी बोलतही नव्हतं. भाऊ मार खायचे, ती गप्प राहायला शिकली. आज तिच्या सासरी काहीही झालं तरी ती आम्हाला महिन्याभरानं सांगते. हाही वारसाच, त्याचा वळ तेवढा दिसत नाही.

उलट्या टोकाला गेलेल्यांनाही मी मोकळं सोडणार नाही. ‘आम्हाला मिळालं नाही ते सगळं पोराला देणार’ म्हणणारा बापसुद्धा आपल्या बापाशीच झगडत असतो, फक्त पोराच्या आयुष्यात. त्याला चप्पल मिळाली नव्हती म्हणून पोराला तीन जोड बूट. त्याला बोलू दिलं नव्हतं म्हणून पोराला कशालाच नाही म्हणायचं नाही. पोराला काय हवं हे याही घरात कुणी विचारत नाही. डायना बॉमरिंड यांनी १९६०च्या दशकात पालकांच्या तीन तऱ्हा मांडल्या: हुकूम चालवणारे, सगळं सोडून देणारे, आणि मर्यादा घालून ती का घातली हे सांगणारे. आपल्याकडच्या वादात पहिली दोनच उरतात आणि तिसरी कुणाला आठवत नाही. मारायचं नाही म्हणजे मोबाइल हातात द्यायचा, असं कुणी सांगितलं? रात्री नऊनंतर मोबाइल नाही म्हणजे नाही, पोर रडलं तरी नाही, आणि त्याला हातही लावायचा नाही. हे माराहून जास्त कष्टाचं आहे. फटक्याला दोन सेकंद लागतात. याला रोज रात्री अर्धा तास लागतो, आणि स्वतःचा मोबाइलही बाजूला ठेवावा लागतो.

भेळेच्या त्या प्रसंगानंतर मी आप्पांना विचारलं, तुमच्या वडिलांनी तुम्हाला मारलं होतं का? आप्पा तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढं होते. नेहमीचं उत्तर आलं, "मारलं की. म्हनून तर." मी विचारलं, एखादी वेळ आठवते? बराच वेळ गेला. मग ते गुऱ्हाळाचं बोलू लागले. नऊ वर्षांचे असताना रात्री चुलवाणात चिपाडं सारायला त्यांना बसवलं होतं. डोळा लागला, जाळ पडला, काहिलीतला रस बिघडला. आज्ज्यानं उसाच्या कांडक्यानं सगळ्यांसमोर मारलं. आप्पा काकवी खात नाहीत हे आम्हाला माहीत होतं. आवडत नसेल असंच आम्ही धरून होतो. "दोन रात्री जागवलं हुतं मला," आप्पा म्हणाले. "माजी काय चूक हुती त्यात?" सहासष्ट वर्षांत हे वाक्य त्यांनी कुणालाच ऐकवलं नव्हतं. त्यात आज्ज्याबद्दल द्वेष नव्हता. एका रसाची नासाडी म्हणजे घराला काय घोर होता, तेही त्यांनीच पुढं सांगितलं. पण ‘म्हनून तर’ मात्र त्या दिवशी ते पुन्हा म्हणाले नाहीत. मीही घरी आल्यावर मुलीला जवळ घेऊन म्हटलं, त्या दिवशी मारलं ती माझी चूक होती. ती म्हणाली, "भेळ आणलेली तेव्हाच ना?" तिला पुडा आणि धपाटा यांचा संबंध आधीच कळलेला होता. आणखी वीस वर्षांनी तीही कुणासाठी तरी काहीतरी बांधून आणणार होती.

२००९च्या शिक्षणहक्क कायद्याचं १७वं कलम शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्याला बंदी घालतं. बापानं कागदावर परवानगी लिहून दिली तरी तिला तिथं किंमत नाही. हे योग्यच आहे. पण कायदा शाळेच्या फाटकाशी थांबतो आणि घरातल्या समर्थनापर्यंत पोचत नाही. तिथं पोचायचं तर पालकसभेत ‘मारावं की मारू नये’ यावर मतं मागवणं बंद करावं असं मी सरांना सुचवलं आहे. त्याऐवजी प्रत्येकाला एक कागद द्यावा आणि दोन ओळी लिहायला सांगावं: तुम्हाला लहानपणी मारलं त्यातली एक वेळ, आणि तेव्हा आडवं कोण आलं. नाव घालायची गरज नाही, वाचूनही दाखवायचं नाही. लिहिणाऱ्यानं एकदा ते स्वतःच्या अक्षरात बघावं, एवढंच.

सभा सुटल्यावर ते गृहस्थ मला फाटकाजवळ भेटले. त्यांचा मुलगा पाठीवर दप्तर घेऊन शेजारी उभा होता. मी त्यांना हेच विचारलं, तुम्हाला मारायचे तेव्हा आडवं कोण यायचं? ते माझ्याकडं बघत राहिले. गाडीची किल्ली काढली, परत खिशात घातली. "चुलता," ते म्हणाले. "थोरला चुलता यायचा." मग पोराच्या पाठीवरचं दप्तर त्यांनी काढून स्वतःच्या खांद्याला अडकवलं आणि गाडी सुरू केली.